पान हिरवं असतानाच का?

स्नोड्रॉपचे कंद हलवायचे ते फूल ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच, हा ब्रिटनमधल्या बागांत रुळलेला नियम. गेल्या दीडशे वर्षांचा मागोवा घेतला, तर तो बागेपेक्षा बाजारामुळे घडला असं माझं मत आहे. १८७४ मध्ये ब्रिटिश वनस्पतीसंग्राहक हेन्री जॉन एल्विस यांना स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळ, मोठ्या फुलांचा स्नोड्रॉप मिळाला. पुढे तुर्कस्तानच्या डोंगरांतून खणलेले जंगली कंद युरोपात येऊ लागले. हा कंद कोरडा राहिला की सुकतो, आणि दुकानात तो महिनोन्‌महिने कोरडाच असे. पानांसकट आलेला कंद जिवंत आहे, याची निदान खात्री होती. १९९० मध्ये दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने या व्यापारावर परवान्याचं बंधन घातलं, पण नियम तसाच राहिला.

घरच्या बागेत ही अडचण नाहीच. उलट स्नोड्रॉपच्या मुळांना फाटे नसतात आणि तुटलेलं मूळ त्या हंगामात पुन्हा वाढत नाही. म्हणून पूर्ण वाढलेल्या कंदाला पानं पिवळी पडेपर्यंत थांबून, काढल्या दिवशीच लावणं जास्त मानवतं. मग हिरव्या पानांचा नियम सोडूनच द्यावा का? बी पडून आपसूक उगवलेल्या रोपांसाठी नाही. पहिल्या वर्षी त्यांना दूर्वेसारखं एकच पातं येतं. ते वाळलं की इवलासा कंद मातीत सापडणं जवळजवळ अशक्य. तेव्हा ही रोपं पातं दिसतंय तोवरच काढावीत, पण खुरपं खोल घालून, मातीच्या गोळ्यासकट.

बियांवरच्या तेलकट खाऊसाठी मुंग्या त्या दूर नेतातच, मग माणसाने ढवळाढवळ कशाला, असं कुणी म्हणेल. पण बरंचसं बी आईच्या गड्ड्यातच पडतं. तिथे दाटी होते, दाटीत करड्या बुरशीला फावतं. इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेटच्या जेम्स ॲलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बियांपासून कितीतरी नवे स्नोड्रॉप वाढवले. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग बुरशीने आणि कंदमाशीने गिळला. शिवाय रोप आईसारखंच निघेल असं नाही. नावाजलेल्या वाणाच्या गड्ड्यात ते मिसळलं, तर वाणाची शुद्धता गेली; आणि ते वेगळं, देखणं निघणार असेल, तर गर्दीत कुणाच्या नजरेसही पडणार नाही. २०१२ मध्ये ७२५ पौंडांना विकला गेलेला पिवळ्या खुणांचा कंद स्कॉटलंडमधल्या एका घरच्या बागेत असाच आपोआप उगवला होता. पहिलं फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर अशा रोपांना वेगळा वाफा द्यावा.