बागेचा ताण, माळाचा वणवा

अंबड, घनसावंगी, बदनापूर भागात मोसंबीचा आंबे बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. पाने कोमेजतात, थोडी गळतात. पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटतात; पाणी वाचते, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. झाडाचे श्वसन मात्र चालूच असते आणि त्याचा खर्च खोडाफांद्यांत साठलेल्या पिष्टातून भागतो. पुढे पाणी सोडले की नवती आणि कळी एकदम फुटते.

दुष्काळ हाही ताणच, फक्त तो तोडायला पाणी नसते. २०१२-१३ मध्ये जालना जिल्ह्यात विहिरी आटल्या. टँकरने पाणी घालूनही अनेक बागा वाळल्या. आधी पाने झडतात, वरच्या थरातली तंतुमुळे सुकतात, मग शेंड्याकडून फांदी वाळत खाली येते. ही वाळकी फांदी म्हणजे सल. वाचलेल्या झाडाची सल काढली, चांगला पाऊस झाला, तरी त्याची पहिली कमाई नवी मुळे आणि पाने उभी करण्यातच जाते. म्हणून पाऊस परतला त्याच वर्षी कार्बनची आवक पूर्वीइतकी होत नाही. मेलेली बाग सरपणाला गेली तर तूट फार मोठी. वाळल्या लाकडाचे जवळपास निम्मे वजन कार्बनचे असते. दहा-पंधरा वर्षांची ही जमा चुलीत काही महिन्यांत संपते. नवे कलम फळावर यायलाच पाच-सहा वर्षे लागतात.

माळावरचे गवत लवकर सावरते. कुसळी, पवन्या यांचे फुटवे जमिनीलगत असतात. उन्हाळ्यात वणवा लागला तरी वरचे वाळलेले गवत जळते, मुळे बहुधा वाचतात आणि पावसात माळ लगेच हिरवा होतो. त्यावरून जाळल्याने गवत जोमाने येते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आणि महागात पडणारा आहे. दरवर्षी पेटणाऱ्या माळावर बोरी-हिवराची रोपे तग धरत नाहीत. पळस पुन्हा फुटतो, पण झुडूपच राहतो. उघडी पडलेली माती पहिल्या जोरदार सरीत सेंद्रिय कार्बनासह वाहून जाते.

कोरड्या मातीतले सूक्ष्मजीवही सुस्तावलेले असतात. मृगाची पहिली सर पडताच ते जागे होतात, साठलेले सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजवतात आणि मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. पेरणी उगवून पाने पुरेशी पसरेपर्यंत शेत कार्बन घेण्यापेक्षा देतच अधिक असते.