गाडीची किल्ली देण्यापूर्वी

तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, याचा विचार व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे होत आला आहे. घरचा मुलगा असो वा नवा मुनीम, आधी त्याला रोजमेळ लिहायला बसवतात, हिशेब तपासतात आणि मगच गल्ल्यावर बसू देतात. गाडीची किल्ली देताना मात्र हीच जाणती मंडळी एवढेच विचारतात, "लायसन्स आहे ना?" होकार आला की किल्ली हातात पडते. गल्ल्यातली चूक संध्याकाळी हिशेबात सापडते आणि भरूनही निघते. रस्त्यावरची चूक भरून निघेलच, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

९ डिसेंबर २०२४ची रात्र उपनगरवासीयांच्या स्मरणात असेल. कुर्ला स्थानकाहून अंधेरीकडे निघालेली बेस्टची ३३२ क्रमांकाची विजेवरील बस एस. जी. बर्वे मार्गावर गर्दीत शिरली. पादचारी, रिक्षा, मोटारी अशा सर्वांना तिने धडक दिली. सात जण दगावले, पुढे उपचारांदरम्यान मृतांची संख्या वाढली आणि कित्येक जण जखमी झाले. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. तथापि तपासाच्या ज्या बातम्या प्रसिद्ध झाल्या, त्यांतील एक बाब प्रत्येक वाहनमालकाने मनावर घ्यावी अशी आहे. चालकाला पूर्वीचा अनुभव होता तो क्लच-गिअरच्या लहान बसचा. बारा मीटर लांबीची, गिअर नसलेली विजेवरील बस त्याच्यासाठी नवीन होती आणि तिचे प्रशिक्षण मोजक्याच दिवसांचे झाले होते.

आपल्या घरांतही आज हेच घडत आहे. वीस वर्षे गिअरची गाडी चालविणाऱ्या विश्वासू चालकाच्या हाती एके दिवशी शेठ नवी ऑटोमॅटिक किंवा विजेवरील मोटार देतात. दोन्हींना परवाना एकच लागतो, म्हणून शिकवण्याची गरज कोणास वाटत नाही. वास्तविक ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवरून पाय उचलताच गाडी आपोआप पुढे सरकते. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने हाताळायचे असतात, आणि क्लचला सरावलेला डावा पाय घाईच्या क्षणी भलतीकडे पडू शकतो. विजेची मोटार तर क्षणार्धात वेग घेते. म्हणून नवी गाडी घरी आली की पूजेनंतरचे पहिले काही रविवार पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर केवळ सरावासाठी राखून ठेवावेत, आणि त्यानंतरच ती एस. व्ही. रोडच्या किंवा एल. बी. एस. मार्गाच्या गर्दीत न्यावी.

नव्याने शिकणाऱ्यांचा प्रश्न याहून मूलभूत आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार ट्रेनिंग स्कूलने खासगी मोटारीचे शिक्षण किमान २१ दिवस द्यावयाचे असते आणि त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान १० तास असावे लागतात. २०२१मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नियम आले, त्यांत हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम सांगितला आहे, त्यांपैकी ८ तास वर्गातील शिक्षणाचे व २१ तास प्रत्यक्ष सरावाचे. आपण फी भरताना यातले काही विचारतो का? सकाळी अर्धा तास सोसायटीच्या मागच्या गल्लीत गाडी फिरवायची, अंधेरी, बोरिवली वा वडाळ्याच्या आरटीओत चाचणी द्यायची, की शिक्षण संपले, असे आपण धरून चालतो. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते. अशा वेळी मुलाच्या शेजारी बसून उत्तरे सांगण्याचा मोह पालकांनी कटाक्षाने टाळावा. त्या प्रश्नांची उत्तरे पुढे त्याला एकट्यालाच रस्त्यावर द्यायची आहेत.

चाचणीत जे विचारले जात नाही, तेही शिकवले गेले पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. म्हणजे धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तिने एवढे अंतर कापलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते, आणि जुलैच्या पावसात ते आणखी वाढते. दार उघडतानाचेही एक शिक्षण आहे. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. त्यामुळे शरीर आपोआप वळते, नजर मागे जाते आणि मागून येणारा स्कूटरस्वार वाचतो.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर कायदा थेट पालकांनाच जाब विचारतो. क्लास लांब आहे, रिक्षा मिळत नाही, म्हणून दहावी-बारावीच्या मुलांना स्कूटर देणारी घरे घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सर्वत्र आढळतात. १६ ते १८ या वयात परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरता. रस्त्यावर दिसणाऱ्या ११० किंवा १२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाकडून वाहन चालवताना गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

दुकानाच्या टेम्पोचा आणि माल पोहोचविणाऱ्या मुलाचा विचार आपण क्वचितच करतो. परवाना वैध नसलेल्या माणसाने आपले वाहन चालवून अपघात केला, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते, ही बाब व्यापाऱ्यास सांगावी लागू नये. परंतु याहूनही मोठी गोष्ट आपल्या सवयीची आहे. "कुठे पोहोचलास? पार्टी वाट पाहतेय," असा फोन चालत्या गाडीवरच्या माणसाला करणारे आपणच असतो. नोकर शेठचा फोन टाळू शकत नाही. वाहन चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शिस्त त्याला लावायची असेल, तर तो वाटेत असताना फोन न करण्याची शिस्त पेढीने आधी पाळली पाहिजे.

हीच गोष्ट मागच्या आसनाची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी झाले, पण बचावले. मागे बसलेल्या दोघांचे प्राण गेले आणि त्यांनी सीट बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. शंखेश्वर, पालिताणा अशा यात्रांसाठी आपली कुटुंबे याच महामार्गाने जातात. बहुधा दुकान वाढवून, जेवण आटोपून, दिवसभर राबलेल्या चालकाला घेऊन रात्रीच निघतात. "शेठ, बेल्ट लावा" किंवा "मला झोप येतेय" असे म्हणण्याची मुभा त्या चालकाला आपण दिली आहे काय? ही मुभा देणे हादेखील चालक-शिक्षणाचाच भाग आहे. याच रस्त्याच्या कडेने पहाटेच्या अंधुक उजेडात साधू-साध्वींचा विहार चालू असतो. ईर्यासमिती पाळून, पुढची जमीन पाहत पाऊल टाकणाऱ्या त्या जिवांचे रक्षण मागून येणाऱ्या वाहनचालकाच्या नजरेवर अवलंबून आहे. आपल्या चालकाला हे माहीत असायला हवे.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. या आकड्यांत घरेच्या घरे आहेत. जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना पाळला जातो. त्या निमित्ताने आपल्या मंडळाने, महिला मंडळाने व युवक मंडळाने एक रविवार ठरवावा. वाहतूक पोलीस किंवा परिवहन विभागातील अधिकाऱ्यांना निमंत्रण द्यावे, घरातील तरुणांबरोबर आपापले चालक व माल पोहोचविणारी मुलेही आणावीत आणि शेठ मंडळींनी त्यांच्याच रांगेत बसावे. पुढच्या वेळी कोणी गाडीची किल्ली मागेल, तेव्हा लायसन्सबरोबरच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. ही गाडी तू आधी चालवली आहेस का, आणि काल रात्री तुझी झोप पुरी झाली आहे का?