शेळीची लस गाईला कशी लागू पडते?

धाराशिवची काळीभोर उस्मानाबादी शेळी एका वेताला अनेकदा जुळी करडं देते आणि कोरडवाहू घराच्या अडीनडीला उभी राहते. या शेळ्यांना देवी येऊ नये म्हणून जी लस असते, तीच २०२२ मध्ये राज्यभर गाई-बैलांना टोचली गेली.

तेव्हा लम्पीने थैमान घातलं होतं. अंगभर गाठी, ताप, आटलेलं दूध. सप्टेंबरमध्ये राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं, जनावरांचे बाजार बंद पडले. लम्पीची स्वतंत्र देशी लस बाजारात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीच्या ‘उत्तरकाशी’ वाणाची लस वापरली गेली. हा अंधारात मारलेला बाण नव्हता.

विषाणूंच्या पॉक्सव्हिरिडी कुलात कॅप्रिपॉक्स नावाची प्रजाती आहे. तिच्यात तीनच विषाणू: मेंढ्यांच्या देवीचा, शेळ्यांच्या देवीचा आणि लम्पीचा. तिघांची जनुकीय संहिता सुमारे ९७ टक्के सारखी. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर उपाय शोधला, तोही अशाच नात्याच्या बळावर. ते दोन्ही विषाणू याच कुलातल्या ऑर्थोपॉक्स प्रजातीचे.

मग इतकं साम्य असताना यजमान वेगळे का? लम्पीच्या विषाणूतली नऊ जनुकं मेंढी-शेळीच्या विषाणूंमध्ये मोडलेल्या अवस्थेत आढळतात. कोणत्या प्राण्यात शिरकाव होईल, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असावा, असं संशोधकांना वाटतं. ही कुंपणंही पक्की नाहीत. शेळ्यांच्या देवीचे काही वाण मेंढ्यांनाही गाठतात, लम्पी म्हशींनाही होतो, पण गाईंपेक्षा कमी. माणसाला मात्र तिघांपैकी एकही बाधत नाही. २०२२ मध्ये दुधाबद्दल उठलेल्या अफवांनी पशुपालकांचं नाहक नुकसान केलं.

पसरण्याची रीतही निराळी. देवी कळपात श्वासावाटे आणि खपल्यांमधून फिरते. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत गोठा बदलतो. म्हणूनच लसीइतकीच फवारणी गरजेची.

नातं नसेल तिथे मात्र ही लस निरुपयोगी. शेळ्यांना घातक ठरणारा पीपीआर हा गोवराच्या कुलातला; त्याची लस वेगळीच टोचावी लागते.

लम्पीची देशी लसही तयार झाली. हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये रांचीत सापडलेल्या विषाणूपासून ‘लम्पी-प्रोव्हॅक’ बनवली. तिच्या उत्पादनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला.