पोटातल्या लेकराशी बापाची ओळख



आडसाली लागण केली की आपण आठ-दहा दिवसांनी सरीत वाकून बघतो. डोळा फुगला का, कोंब वर आला का, नांग्या कुठं पडल्या. मातीआडच्या पिकाची एवढी काळजी करणारे आपण, घरात बाईला दिवस गेले की मात्र म्हणतो, "ते बायकांचं काम, आपलं त्यात काय?" आम्हीही असंच म्हणत होतो. म्हणूनच हे चार शब्द.

१९८६ चा जानेवारी. गळीत हंगाम ऐन भरात आणि आमच्या उसाला तोड आलेली. मंडळी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यातच माहेरी गेली होती. त्या सात महिन्यांत "बरं वाटतंय का?" यापलीकडे आम्ही तिला काही विचारलं नव्हतं. तेही आईसमोर विचारायची चोरी. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही गाडी घेऊन वजनकाट्याच्या रांगेत उभे. सगळा फड मोकळा होऊन सासुरवाडीला पोचायला बारा दिवस लागले. लेक हातात घेतली तर तिनं टाहो फोडला. सासूबाई हसून म्हणाल्या, "जावईबापू, वळख पटाया येळ लागंल." थट्टाच ती, पण आमच्या जिव्हारी लागली.

आता आमच्या मुलाची गोष्ट. सूनबाईंना सहावा महिना लागला होता. रात्रीची लाईट, त्यामुळं पोरगा उसाला पाणी पाजून उशिरा यायचा. हातपाय धुऊन सूनबाईंजवळ बसायचा आणि पोटाकडं बघून सांगायचा, "आज खालच्या वावराचं पाणी झालं बरं का." आम्हाला वाटलं, पोराला झोपेची गरज आहे. म्हटलं, "काय रं, कुणाशी बोलतोस?" तो लाजला. तेवढ्यात आतून मंडळी म्हणाली, "बोलू द्या की! तुम्ही बोलला न्हाईसा, निदान त्यानं तरी बोलावं." यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं.

अभिमन्यूची कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. कथा ती कथा, पण पोटातल्या बाळाला ऐकू येतं हे खरं आहे. साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. नवजात बाळ आईचा आवाज ओळखतं, हे डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८० साली दाखवलं. पुढं १९८४ साली बापाच्या आवाजाचीही परीक्षा झाली. बाळांना दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक कळला, पण त्यांनी बापाच्या आवाजाला जास्त पसंती दिली नाही. आईचा आवाज तिच्या अंगातूनच बाळापर्यंत जातो, बापाचा बाहेरून येतो.

मग बापानं बोलायचं कशाला? त्याचं उत्तर आम्हाला आठव्या महिन्यात मिळालं. एका रात्री पोरगा नेहमीसारखा पोटाशी हात ठेवून बसला आणि एकदम म्हणाला, "आज हालचाल कमी हाय." सूनबाई म्हणाल्या, "मलाबी दुपारपासून तसंच वाटतंय, पण म्हटलं झोपलं असंल." आम्ही म्हणालो, "सकाळी बघू, पाणी अर्ध्यावर हाय." पोरानं आमचं ऐकलं नाही. मोटर बंद केली आणि गाडी काढली. दवाखान्यात बाळाचे ठोके तपासले, रात्रभर ठेवून घेतलं. सगळं ठीक निघालं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं तर सकाळची वाट बघायची नसते."

बंधूंनो, बोलण्यानं बाळापेक्षा बापाला जास्त शिकायला मिळतं. रोज जवळ बसणाऱ्यालाच फरक कळतो. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथं स्वतः जोडीनं जा. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्या चहाबरोबर घ्यायच्या नसतात, हे ध्यानात ठेवा. घरात बिडी ओढू नका. औषध फवारून आलात तर कपडे आपले आपण धुवा. रक्त जाणं, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंडा-हातावर सूज, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन लावा. आणि मुलगा की मुलगी हे विचारायला जाऊ नका. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि ज्याच्याशी ओळख करायची त्याची अशी पारख करत नाहीत.

आपल्या फडात कोयता घेऊन येणाऱ्या जोड्यांतही कुणी दिवस गेलेली असते. तिलाही त्या ९ तारखेला सुट्टी आणि वाहन मिळेल एवढं आपण पाहू या. तिचा नवरा संकोचानं मुकादमाला बोलणार नाही. आपण बोलावं.

आम्हाला नात झाली. तोडीची तारीख जवळ होती, पण पोरानं चुलतभावाला आधीच फडावर उभं केलं होतं. पहिल्या तासातच त्यानं लेक हातात घेतली आणि म्हणाला, "खालच्या वावराचं पाणी झालं बरं का." ती रडायची थांबली. आवाज ओळखून की नुसत्या उबेनं, ते आम्ही सांगू शकत नाही. आम्ही मात्र बाहेर येऊन थोरल्या लेकीला फोन लावला. तिनं विचारलं, "आण्णा, काय काम हुतं?" म्हटलं, "काम काही न्हाई. सहज बोलावंसं वाटलं."