काटा खोटा की माल कमी?
गाडीतील डिझेल-दाबाचा लपंडाव करणारा दोष असा शोधावा



ट्रॅक्टर, पिकअप, जीप ही वाहने आता शेतकऱ्याच्या दारची बैलजोडीच झाली आहेत. फरक एवढाच की बैल लंगडला तर कोणता पाय दुखतो हे दिसत तरी होते. नव्या गाडीचे दुखणे बोनेटखाली तारांच्या जुडग्यात लपलेले असते. त्यातही सर्वांत वैताग आणणारे म्हणजे येऊन-जाऊन होणारे दुखणे. गाडी भर रस्त्यात झटके खाते, पिवळा दिवा लागतो, इंजिन बंद पडते. पाच मिनिटांनी चावी फिरवली की जणू काही झालेच नाही! फिटरकडे न्यावी, तर तिथे अगदी शहाण्यासारखी चालते. मग अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचे आणि खिसा रिकामा करायचा.

या दुखण्यामागे पुष्कळदा इंधनाच्या दाबाचा सेन्सर किंवा त्याच्या तारा असतात. हा दोष अंदाजाने नव्हे, तर मापाने कसा शोधावा, हे सभासदांना कळावे म्हणून हा लेख देत आहोत.

जुना पंप आणि नवी रेल

जुन्या ट्रॅक्टरचे काम सरळ होते. पंप डिझेल ढकलायचा, नोझल फवारायचे. हवा धरली तर हातपंप मारून ती काढता येत असे. १९९७ साली युरोपात मोटारगाड्यांमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धत आली आणि पुढे ती आपल्याकडेही रुळली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम आले, आणि त्या ट्रॅक्टरांतही ही पद्धत शिरली. म्हणजे हा विषय आता शहरातल्या मोटारवाल्यांपुरता राहिलेला नाही.

या पद्धतीत एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून भरलेले असते आणि तिथून ते सर्व इंजेक्टरांना जाते. आपल्या ठिबकच्या फिल्टरवरचे गेज एक-दीड किलो दाखवते. रेलमध्ये मात्र गाडी नुसती उभी घुरघुरत असताना सुमारे ३०० बार, आणि भार घेऊन चढ चढताना १६०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपला एक किलो. यावरून अंदाज यावा.

हा दाब मोजून इंजिनच्या मेंदूला, म्हणजे ईसीएमला कळवणारा गडी म्हणजे रेलवर बसवलेला सेन्सर. त्याला बहुधा तीन तारा असतात. एक ५ व्होल्टचा पुरवठा, दुसरी अर्थिंग आणि तिसरी निरोपाची. दाब शून्य असेल तेव्हा निरोपाच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण दाबाला साडेचार व्होल्ट मिळतात. पुष्कळ गाड्यांत हिशेब असाच असतो. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहावेत.

काट्याचा हिशेब

ऊस घालणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. वजनकाट्यावर आकडा कमी आला, तर दोनच शक्यता. एक तर माल खरोखर कमी आहे, नाही तर काटा खोटा आहे. काटा न तपासता मालाला दोष देणे जितके चुकीचे, तितकेच माल न पाहता काटा बदलणेही चुकीचे.

सेन्सरचेही तेच. दिवा लागला आणि स्कॅनरवर ‘पी ०१९०’ ते ‘पी ०१९४’ यांपैकी कोड आला, की पुष्कळ ठिकाणी लगेच नवा सेन्सर बसवतात. पण हे कोड सेन्सरच्या सर्किटबद्दल किंवा त्याच्या निरोपाबद्दल तक्रार करतात. सेन्सर मेला आहे असे ते सांगत नाहीत. दाब खरोखर कमी पडल्याची तक्रार बहुधा ‘पी ००८७’ या कोडाने येते. फिल्टर तुंबला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, पंप दमला असेल किंवा इंजेक्टर परतीच्या नळीत जास्त डिझेल सोडत असतील, तर बिचारा सेन्सर खरेच बोलत असतो!

देहूरोडचे एक उदाहरण

आमच्या एका सभासदांची पिकअप चाकणच्या बाजारात माल घेऊन जात असे. देहूरोडहून देहूगाव, तळवडे मार्गे चाकण हा रस्ता म्हणजे कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्यांची रांगच. देहूरोडच्या आसपास इंजिन तापले की गाडी अचानक बंद पडे. मागून कंटेनर येत असताना गाडी मध्येच थांबणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरले त्यालाच ठाऊक. एका ठिकाणी सेन्सर बदलला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

पुढे देहूरोडच्याच एका फिटरने पार्ट विकण्याआधी दोन तास तपासात घातले. त्याने स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर नेली आणि दाबाचे आकडे नोंदवून घेतले. गाडी बंद पडली त्या क्षणी आकडा हळूहळू उतरला नव्हता, एकदम उडाला होता. डिझेल कमी पडले तर दाब भार पडेल तसा उतरत जातो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आकडा या टोकाचा त्या टोकाला जात असेल, तर तो दाब नव्हे, ती तार! मग इंजिन चालू ठेवून त्याने जुडगा हलवून पाहिला. एका ब्रॅकेटवर घासून तारेचे आवरण गेले होते. तार दुरुस्त झाली, जुडगा नीट बांधला आणि दुखणे गेले. नवा सेन्सर मात्र फुकट गेला.

तपास असा करावा

१. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी नुसती चावी ‘ऑन’ करून स्कॅनरवर दाब पाहावा. तो शून्याच्या जवळ हवा. गाडी चढण्याआधीच काट्याने वजन दाखवले तर काट्यात किंवा त्याच्या तारेत खोट आहे, तसेच हे.

२. सेन्सरचा प्लग काढून चावी ‘ऑन’ असताना ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग मीटरने तपासावे. ५ व्होल्ट कमी भरत असतील, तर हीच लाइन वापरणारा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट आहे का ते पाहावे. एका वावरात पाट फुटला की पुढच्या वावरात पाणी कमी, त्यातला प्रकार.

३. प्लगमधल्या पिना हिरवट पडल्या आहेत का, सैल आहेत का, आत पाणी आहे का हे पाहावे. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतल्यावर आणि गोठ्याशेजारी गाडी उभी करून उंदीर लागल्यावर या तक्रारी हमखास येतात.

४. इंजिन चालू असताना तारांचा जुडगा जागोजागी हलवावा आणि आकडा उडतो का ते पाहावे. पट्टा आणि पंखा यांपासून हात लांब ठेवावा.

५. स्कॅनरवर ‘हवा असलेला दाब’ आणि ‘मिळालेला दाब’ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून चढावर गाडी चालवावी. एकाने गाडी हाकावी, दुसऱ्याने आकडे पाहावेत. मिळालेला दाब भाराखाली मागे पडत गेला, तर आधी फिल्टर, पाणी आणि हवा पाहावी. पंप-इंजेक्टरकडे नंतर वळावे.

एवढे झाल्यावरच सेन्सर बदलण्याचे बोलावे.

हे मात्र कदापि करू नये

मीटरची जाड सुई प्लगच्या भोकात कोंबू नये. भोक रुंदावते आणि नवा सैलपणा आपणच तयार करतो. तारेचे आवरण टोचूनही पाहू नये, कारण तिथून पाणी शिरते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जुन्या ट्रॅक्टरवर कोणता सिलिंडर मारत नाही हे पाहायला आपण इंजिन चालू ठेवून पाइपाचा नट ढिला करत होतो. ही सवय कॉमन रेलवर जीवघेणी आहे. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतले मांस सडते आणि हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तडक मोठ्या रुग्णालयात जावे आणि ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. इंजिन बंद करून दाब उतरल्याची खात्री झाल्याशिवाय त्या नळ्यांना पाना लावू नये.

सभासदांनी एवढे करावे

गाडीत एक छोटी वही ठेवावी. गाडी कधी बंद पडली, इंजिन गार होते की गरम, टाकीत डिझेल किती होते, चढ होता की खड्डा, पाऊस होता का, हे त्याच वेळी लिहावे. अशा दहा नोंदी फिटरचे अर्धे काम करतात. दिवा लागल्यावर बॅटरीची तार काढून तो घालवू नये. कोडाबरोबर त्या क्षणाची नोंदही पुसली जाते. फिल्टरखालचे पाणी वेळच्या वेळी सोडावे. डबड्यातले, गाळ बसलेले डिझेल टाकीत ओतू नये. आणि पार्ट बदलण्याआधी फिटरला एकच प्रश्न विचारावा: “दादा, मापं काय आली?” ज्याने मापे घेतली असतील तो आनंदाने दाखवील.

कारखान्याची यंत्रे आपण बंद हंगामात उघडून तपासतो, ती गाळप सुरू असताना थांबू नयेत म्हणून. गाडीच्या तारा आणि प्लगही त्याच दिवसांत पाहून घ्यावेत. ऊसतोड सुरू झाल्यावर ना फिटरला सवड असते, ना आपल्याला.