युद्धविरोधी कादंबरी वाचकाचे काय करते? चंद्रपूर-गडचिरोलीतील तरुणांसमोरचा एक प्रश्न

पहाटे पाच वाजता गडचिरोली शहरातून बाहेर जाणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. अंधारात आधी पावलांचा आवाज येतो, मग धापा टाकणारी मुले-मुली दिसतात. पोलीस भरतीची तयारी. कुणी बौद्ध, कुणी गोंड, कुणी माडिया. त्यांच्यासाठी वर्दी म्हणजे दर महिन्याचा पगार, घरावर पक्के छत आणि गावात मान.

समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही अशा मुलांसोबत विहारातल्या अभ्यासिकेत बसतो. एका रविवारी आम्ही त्यांना एका जर्मन कादंबरीची गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, “दादा, मले भरती व्हाचं हाये. हे आयकून मी धावनं सोडून देऊ का?”

प्रश्न साधा होता, पण आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. युद्धविरोधी पुस्तक वाचल्यावर माणसात नेमके काय बदलते, तो बदल टिकतो का आणि बाबासाहेबांच्या अनुयायांनी अशा पुस्तकाकडे कसे पाहायचे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

कादंबरी आणि तिचा लेखक

एरिक मारिया रेमार्क १८९८ मध्ये जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात वयाच्या अठराव्या वर्षी त्याला सैन्यात घेतले गेले. १९१७ च्या जुलैअखेरीस तोफगोळ्याचे तुकडे लागून तो जखमी झाला. पुढे जानेवारी १९२९ मध्ये त्याची कादंबरी पुस्तकरूपाने आली. इंग्रजीत ती ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या दीड वर्षात २२ भाषांत मिळून तिच्या सुमारे २५ लाख प्रती खपल्या.

कथा पाउल बॉयमर या शाळकरी वयाच्या सैनिकाची आहे. वर्गशिक्षकाच्या देशप्रेमाच्या भाषणांनी भारावून अख्खा वर्ग सैन्यात जातो. मग एकेक मित्र मरत जातो. ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपायला थोडेच दिवस उरले असताना, पाउलही मरतो. त्या दिवशी सैन्याच्या अहवालात आघाडीवर सारे शांत असल्याची नोंद होते. कादंबरीचे नाव तिथून आले आहे.

परिणाम होतो म्हणजे काय होते?

सम्राट अशोकांचा तेरावा शिलालेख आपल्याला माहीत आहे. कलिंग युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाखांना देशोधडीला लावले गेले, असे विजेत्या राजानेच दगडावर कोरून ठेवले. आपल्या विजयाचा पश्चात्ताप असा जाहीर करणारा राजा इतिहासात विरळाच. पण लाखाचा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही.

कादंबरी उलट बाजूने सुरुवात करते. ती एकाच माणसाजवळ आपल्याला बसवते. पाउल एका खड्ड्यात लपलेला असतो. एक फ्रेंच सैनिक त्यात येऊन पडतो. भीतीने पाउल त्याला सुरा खुपसतो. तो माणूस लगेच मरत नाही. तासन्‌तास पाउलला त्याच्या शेजारी राहावे लागते. तो त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो. माणूस मेल्यावर त्याच्या खिशात बायको आणि मुलीचे फोटो सापडतात. नाव कळते, छापखान्यात काम करणारा होता हे कळते. एवढा वेळ जो ‘शत्रू’ होता, तो कामगार, नवरा आणि बाप होतो.

आपल्या जिल्ह्यात आकडे भरपूर आहेत. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरात सुमारे ४० नक्षलवादी मारले गेल्याचे पोलिसांनी सांगितले. या बातम्या वाचताना आपण एका बाजूचा आकडा दुःखाने वाचतो आणि दुसऱ्या बाजूचा हिशेबाने. कोणता आकडा कसा वाचायचा, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. चांगली कादंबरी ही सवय मोडते. तिचा पहिला परिणाम हाच.

दुसरा परिणाम म्हणजे मोठ्यांच्या शब्दांकडे पाहण्याची नजर बदलते. मुलांना युद्धावर पाठवणारा शिक्षक स्वतः सुरक्षित असतो. वाचक तेव्हापासून विचारू लागतो की भाषण कोण करतो आहे आणि मरायला कोण जाणार आहे.

मग युद्ध थांबले का?

थांबले नाही. डिसेंबर १९३० मध्ये या कादंबरीवरचा चित्रपट बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्सच्या नाझी टोळीने चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीच्या कुप्या फोडल्या. काही दिवसांतच सरकारने चित्रपटावर बंदी घातली. मे १९३३ मध्ये पुस्तक जाहीरपणे जाळले गेले. १९३८ मध्ये रेमार्कचे नागरिकत्व काढून घेतले. युद्ध हरल्यासारखे आहे असे बोलल्याबद्दल त्याच्या बहिणीचा डिसेंबर १९४३ मध्ये शिरच्छेद झाला. ज्या देशात हे पुस्तक घरोघरी पोहोचले होते, त्याच देशाने दहा वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू केले.

असे का झाले, याचे एक उत्तर कादंबरीतच आहे. खड्ड्यात पाउल त्या मृत माणसाला वचन देतो की मी तुझ्या घरच्यांसाठी काहीतरी करीन, पुन्हा असे घडू देणार नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या तुकडीत परततो. मित्र त्याची समजूत घालतात. शेजारी एक नेमबाज आपण किती माणसे टिपली ते मोजत असतो. काही वेळातच पाउललाही वाटू लागते की युद्ध म्हणजे युद्धच.

आम्हाला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकट्याने घेतलेला अनुभव कितीही खरा असला, तरी परत गेल्यावर आजूबाजूचा गट त्याला पुसून टाकतो. वाचकाचेही तसेच होते. रात्री पुस्तक वाचून डोळे भरून येतात आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच माणूस ‘ठोकून काढा’ असा संदेश पुढे पाठवतो.

मराठीत आणि आपल्या जंगलात

मराठीत विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रकाशित झाली. नाव रणांगण असले तरी तिच्यात लढाई नाही. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा भेटतात. तो मुंबईला उतरतो, तिला उतरता येत नाही. गोळी न झाडताही द्वेष माणसाला कसा संपवतो, ते ही कादंबरी दाखवते. रेमार्क वाचून आपण सैनिकाजवळ बसतो. ‘रणांगण’ वाचून लक्षात येते की ज्याच्या हातात बंदूकच नाही, त्यालाही युद्ध सोडत नाही. गडचिरोलीत तो माणूस म्हणजे रात्री एका बाजूला भात घालणारा आणि सकाळी दुसऱ्या बाजूला त्याचा जबाब देणारा गावकरी.

आपल्या जंगलाचीच गोष्ट हवी असेल, तर हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पात अनेक वर्षे काम केलेल्या विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ वाचावी. तिला रूढ अर्थाने युद्धविरोधी म्हणता येणार नाही. पण बंदूक हातात येण्याआधी एका माडिया तरुणाच्या आयुष्यात काय काय घडते, ते ती सांगते.

१९९० मध्ये गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक जंगल आणि भाषा जाणणाऱ्या स्थानिक तरुणांमधून उभे राहिले. नक्षल दलमांतही याच गावांतली मुले गेली. म्हणजे इथे ‘शत्रू’ कधीकधी एकाच आश्रमशाळेत शिकलेला असतो. रेमार्कच्या पाउलला खिसा उघडून फोटो पाहावा लागला. इथे तर नाव आधीच माहीत असू शकते.

आपला अभिमान आणि आपला धम्म

बौद्ध तरुणाला इथे एक अडचण येते. आपण १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावला मानवंदना देतो. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली, तेव्हा समाजाच्या हातून नोकरीसोबत प्रतिष्ठाही गेली. ती परत मिळवण्यासाठी अर्ज-विनंत्या झाल्या, बाबासाहेबांनीही पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ज्या समाजाला शस्त्र धरण्याचा हक्कही झगडून मिळवावा लागला, त्याला ‘शस्त्र वाईट’ एवढेच सांगणे अपुरे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आहेत आणि त्याच भद्रावतीत दारूगोळा बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरीही आहे. तिच्या पगारावर शिकलेली मुले आपल्या चळवळीत आहेत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब ही अडचण टाळत नाहीत. मारण्याची इच्छा आणि मारण्याची अपरिहार्यता यांत ते फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे झाकून पाळायचा नियम नव्हे, असे ते मांडतात. सिंह सेनापतीच्या संवादातही मुद्दा हाच आहे की शांततेचे सगळे उपाय संपल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी ठरत नाही, दोष युद्ध सुरू करणाऱ्याकडे जातो. वर्दी घालणाऱ्या मुलाने स्वतःला रोज विचारायचा प्रश्न इथे सापडतो: ही अपरिहार्यता आहे की माझ्यात इच्छा निर्माण झाली आहे? युद्धविरोधी कादंबरी हा फरक ओळखायला शिकवते. म्हणून ती वर्दीवाल्याने तर वाचायलाच हवी.

रोहिणीचे पाणी आणि ‘शांतता’

याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारणही बाबासाहेबांनी वेगळे दिले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडल्याची कथा त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि लवादाने तंटा सोडवण्याचा मार्ग सुचवला. मतदानात तो हरला. सक्तीच्या सैन्यभरतीलाही त्याने नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमिनी जप्त होतील, अशी धमकी आल्यावर त्याने ती शिक्षा स्वतःवर घेतली आणि परिव्रज्या स्वीकारली.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सिद्धार्थ गेल्यावर कपिलवस्तूत युद्धाविरुद्ध लोकांनी मिरवणुका काढल्या आणि समेट झाला. ही बातमी त्याला राजगृहाकडे कळली. आता परत जायला हरकत नव्हती. पण त्याने विचार केला की राजांमधले युद्ध अधूनमधून होते, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र कायम चालू असतो. दुःखाचे मूळ तिथे आहे. तो परतला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचा आवाज कमी होतो आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. ज्यांनी मुले गमावली त्यांना विचारा. पण सुरजागडची लोहखाण, वनहक्काचे दावे, ग्रामसभेची संमती, आश्रमशाळांची अवस्था हे प्रश्न शस्त्रांसोबत खाली ठेवले गेलेले नाहीत. अहवालात ‘सारे शांत’ लिहिले जाते त्याच दिवशी पाउल मेलेला असतो, हे वाचलेल्या माणसाने शांततेची बातमी ऐकून आनंद मानावा आणि लगेच पुढचा प्रश्नही विचारावा.

एकट्याने वाचू नका

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात निर्णयाआधी अभ्यासगटांत चर्चा होते आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. आपल्या विहारांत असे वाचन का होऊ नये? महिन्यातून एक रविवार, एक पुस्तक, दहा-पंधरा माणसे. त्यांत भरतीची तयारी करणारी मुले असावीत, घरात कुणी गमावलेली माणसेही असावीत. ज्यांना मराठी पुस्तक जड जाते त्यांच्यासाठी गोष्ट गोंडी किंवा माडियात सांगावी. पाउलचे वचन तुकडीत गेल्यावर विरले, कारण ते लक्षात ठेवणारे तिथे दुसरे कुणी नव्हते. आपण संघाला शरण जातो, ते एकमेकांची वचने लक्षात ठेवण्यासाठीही असते.

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी सांगितले, “धावणे सोडू नको. भरती हो. पण बंदूक हातात आल्यावर समोरच्याच्या खिशातही फोटो असतो, हे विसरू नको. आणि सुट्टीवर आलास की इथे येऊन बस.” तो “बरं” म्हणाला आणि पुस्तक मागून घरी घेऊन गेला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत तिथल्या दीक्षाभूमीवर आपण फोटो, पंचशील ध्वज आणि ग्रंथ विकत घेतो. यंदा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरी असेल, तर रोहिणीच्या तंट्याचे प्रकरण उघडा, सोबत एक युद्धविरोधी कादंबरी घ्या आणि दोन्ही चार जणांत मोठ्याने वाचा.

जय भीम!