हात कापतो? आधी कारण ओळखा



घरात कुणाचा हात थरथरू लागला की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच." पण प्रत्येक कंप वयाचा नसतो. हात केव्हा कापतो एवढे नीट पाहिले, तरी पुष्कळ उलगडा होतो.

१) काम करताना कापतो : कपबशी उचलली, सुईत दोरा ओवायला घेतला की हात थरथरतो, मांडीवर टेकला की थांबतो. असा कंप पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. त्याने जिवाला धोका नाही आणि औषधाने तो कमी करता येतो. दारूच्या घोटाने घटकाभर बरे वाटते, पण तो उपाय नव्हे. थायरॉईडचा विकार किंवा दम्याची काही औषधे यांनीही हात कापतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

२) स्वस्थ बसल्यावर कापतो : जपाचे मणी ओढावेत तशी अंगठा व बोटांची हालचाल होते. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. हळूहळू चाल आखूड होते, अंग ताठरते, आवाज बसतो, सही बारीक होते. हा कंपवात. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्याने तो होतो. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी रोग मुळातून जात नाही, पण माणूस हिंडता-फिरता राहतो. गोळ्या एकदम बंद करू नका. खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य असते हे खरे. पण त्याचे प्रमाण सगळ्या बियांत सारखे नसते. घरी चूर्ण करून खाऊ नका.

३) फवारणीनंतर अचानक कापतो : इथे मात्र थांबू नका! घाम, लाळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधुक, बाहुल्या बारीक, अंगावरचे मांस फडफडणे, धाप, ही विषबाधेची लक्षणे आहेत. काही कीटकनाशके नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप थांबूच देत नाहीत. म्हणून स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

अशा वेळी काय कराल?
• माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत.
• शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा.
• दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका. ओकारी काढू नका.
• १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. त्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

पहिल्या दोन प्रकारांत सवडीने, पण टाळाटाळ न करता डॉक्टरांना दाखवा. तिसऱ्यात एक घटकाही दवडू नका. "सकाळी बघू" म्हणाल, तर सकाळ हाती लागेलच असे नाही.